पोहोचणे आणि पाहणे : ताश्कंदच्या प्रवासवर्णनांविषयी



विषय ऐकून काही जणांना आश्चर्य वाटले असेल. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने प्रवासवर्णनांवर कशाला बोलावे? पण आमचे म्हणणे असे की ज्ञान म्हणजे काय, अनुभव म्हणजे काय, हे जे प्रश्न आम्ही वर्गात फळ्यावर लिहीत होतो, ते विमानतळाच्या दाराबाहेर पाय ठेवताना जितके खरे होतात तितके क्वचितच कुठे होत असतील. म्हणून आज एकच शहर घेऊ. उझबेकिस्तानची राजधानी, ताश्कंद.

दिल्लीहून विमानाने साधारण तीन तास. घड्याळ अर्धा तास मागे करायचे, बस्स. व्हिसा आता घरबसल्या मिळतो. त्यामुळे जाणारे वाढले आणि लिहिणारेही वाढले. दिवाळी अंकांत, सहल कंपन्यांच्या पुस्तिकांत, मोबाइलवरच्या चित्रफितींत ताश्कंद येऊ लागले. यातले वीस-पंचवीस लेख आम्ही ओळीने वाचले. वाचून झाल्यावर असे वाटले, की एकाच माणसाने एकच लेख नावे बदलून लिहिला आहे.

साचा कसा आहे, ते सांगतो. रात्री उतरलो. टॅक्सीवाल्यांनी गराडा घातला. एकाने ‘हिंदुस्तान?’ विचारले आणि राज कपूरचे नाव घेतले. आम्ही भारावलो. सकाळी चोरसू बाजार, निळा घुमट, सुका मेवा, गोल रोट्या. दुपारी मोठ्या कढईतला पुलाव. मग भुयारी रेल्वेची स्टेशने, शास्त्रीजींचा पुतळा, आणि शेवटी एक वाक्य ठरलेले : ताश्कंद स्वच्छ आहे, रुंद आहे, पण ‘खरा’ मध्य आशिया पाहायचा तर समरकंद-बुखारालाच जायला हवे.

२०१७ च्या आधीचे लेख असतील तर त्यात आणखी एक प्रसंग हमखास. थोडे डॉलर मोडले आणि नोटांची पिशवी भरली. त्या वर्षी सप्टेंबरात चलनाचे नियम सैल झाले, काळा बाजार ओसरला, आणि लेखांतून ती पिशवी गेली. भुयारी रेल्वेत फोटो काढायला बंदी होती, ती २०१८ मध्ये उठली, आणि लेखांत झुंबरे आली. म्हणजे पाहा, लेख बदलतात ते नियम बदलले म्हणून. पाहणारा बदलला म्हणून नव्हे.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येऊ. ‘खरे’ म्हणजे काय? या लेखांत त्याचा अर्थ ‘जुने’ असा आहे. ठीक, तीच कसोटी लावू. चोरसूचा जो निळा घुमट ‘प्राचीन पौर्वात्य वैभव’ म्हणून वर्णिला जातो, तो सोव्हिएत काळात, १९८० च्या सुमारास बांधलेला. हजरत इमाम संकुलातली जी भव्य मशीद ‘शतकांची साक्षीदार’ ठरते, ती २००७ सालची. आणि ज्या ‘हॉटेल उझबेकिस्तान’ला सगळे ‘सोव्हिएत काँक्रीटचा ठोकळा’ म्हणून हिणवतात, ते १९७४ चे. म्हणजे प्रवासी ज्याला नवे म्हणून नाकारतो ते जुने निघते, आणि जुने म्हणून ज्याच्यापुढे हात जोडतो ते परवाचे निघते. डोळ्यांनी चूक केली असे नाही हो. डोळे उघडायच्या आधीच निकाल लागलेला होता.

बरं, हे शहर नवे का आहे, हा प्रश्न तरी विचारावा की नाही? १० जानेवारी १९६६ ला इथे भारत-पाकिस्तान करार झाला. त्याच रात्री, म्हणजे ११ तारखेच्या सुरुवातीच्या तासांत, लालबहादूर शास्त्रींचे निधन झाले. हे आपल्याला पाठ असते. पण त्याच वर्षी २६ एप्रिलला पहाटे या शहराच्या अगदी पोटाखाली भूकंप झाला. तीव्रता तशी मध्यम, पण केंद्र उथळ आणि शहराच्या मधोमध. मातीची घरे बसली. सुमारे ३ लाख माणसे बेघर झाली. मग सोव्हिएत संघाच्या सगळ्या प्रजासत्ताकांतून बांधकाम करणारे आले आणि त्यांनी नवे शहर उभे केले. म्हणजे शास्त्रीजींनी जे ताश्कंद पाहिले, त्यातले पुष्कळसे साडेतीन महिन्यांत नाहीसे झाले. भुयारी रेल्वे सुरू झाली १९७७ मध्ये, ती याच पुन्हा उभे राहण्याच्या काळात. ज्या रुंद रस्त्यांना आपण ‘निर्जीव’ म्हणतो, त्या रस्त्यांखाली ही गोष्ट आहे.

इथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. आजच्या व्याख्यानाचे खरे कारण तेच आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही स्वतः ज्येष्ठ नागरिकांच्या एका सहलीबरोबर ताश्कंदला गेलो होतो. दीड दिवस मुक्काम. परत आल्यावर एका छोट्या सभेत बोललो आणि टाळ्या मिळवणारे एक वाक्य टाकले : ‘ताश्कंद म्हणजे समरकंदची गाडी पकडायचा फलाट.’ लोक हसले. आम्हीही खूश.

त्या सहलीत आमची वाटाड्या एक उझबेक बाई होती. हिंदी इतके चांगले बोलायची की आम्हाला आमच्या हिंदीची लाज वाटावी. शास्त्रीजींच्या पुतळ्यापाशी आमच्या गटाने तिला घेरले. ‘खरं सांगा, काय झालं होतं त्या रात्री?’ ‘तुमच्याकडे लोक काय म्हणतात?’ एकामागून एक प्रश्न. ती शांतपणे म्हणाली, ‘मला माहीत नाही. त्या वर्षी माझी आजी तंबूत राहत होती, एवढं मला माहीत आहे.’ आम्ही ऐकले, मान हलवली, आणि कुणीतरी विचारले, ‘जेवण किती वाजता?’

तंबूत का, किती दिवस, कोण कोण होते, हे आम्हा पंचवीस शिकल्या-सवरल्या माणसांपैकी एकानेही विचारले नाही. आम्हीही नाही. ती आम्हाला तिचे शहर द्यायला निघाली होती, आणि आम्ही आमचाच इतिहास तिच्याकडून मागत होतो. भूकंपाचे नीट वाचले ते घरी आल्यावर, कितीतरी महिन्यांनी. तेव्हा ते फलाटाचे वाक्य आठवले आणि फार अवघडलो. आज ते वाक्य आम्ही जाहीरपणे मागे घेतो.

आता या शहरात पूर्वी कोण कसे पोहोचले, ते पाहू.

बाबर. तरुणपणी राज्य गमावलेला बाबर १५०२ च्या सुमारास ताश्कंदला मामाच्या आश्रयाला आला. बाबरनाम्यात त्या दिवसांचे वर्णन आहे. हाताशी मुलूख नाही, मिळण्याची आशा नाही, नोकरचाकर पांगलेले, नातेवाइकांच्या दारी राहण्याची शरम. सगळे सोडून चीनकडे निघून जावे असे त्याच्या मनात येते. पुढे हिंदुस्थानात साम्राज्य उभारणारा हा माणूस ताश्कंदला पोहोचला तो असा.

१९२३ साली नेव्हेरोव्ह या रशियन लेखकाची एक कादंबरी आली, ‘ताश्कंद, भाकरीचे शहर’. व्होल्गाकाठच्या दुष्काळातला एक पोरगा धान्याच्या आशेने आगगाडीला लोंबकळत ताश्कंदकडे निघतो. दुसऱ्या महायुद्धात अशीच माणसे आली, कारखान्यांबरोबर, अनाथाश्रमांबरोबर. कवयित्री आन्ना आख्मातोवा १९४१ ते १९४४ इथे होती. आणि सोल्झेनित्सिन. तुरुंग-छावणीतून सुटून हद्दपारीत असताना कर्करोगाच्या उपचारासाठी १९५४ मध्ये तो ताश्कंदच्या रुग्णालयात आला. ‘कॅन्सर वॉर्ड’च्या शेवटाकडे त्याचा नायक रुग्णालयातून बाहेर पडतो आणि एक दिवस शहरात हिंडतो. फुललेले जर्दाळूचे झाड शोधतो, चहा पितो, शिगेवर भाजलेले मांस खातो, दुकानात बुजतो, प्राणिसंग्रहालयात जातो. म्हटले तर हाही आपल्यासारखाच कार्यक्रम! पण मरण टळलेल्या माणसाचा तो दिवस आहे. शहर पाहण्याचे याहून चांगले वर्णन आमच्या वाचनात नाही.

कुणी म्हणेल, गरजू माणसाला शहर खरे दिसते आणि सुखवस्तू माणसाला खोटे, असे तुमचे म्हणणे दिसते. तसे सोपे नाही. १९३२ मध्ये दोन लेखक मध्य आशियात भेटले आणि त्यांनी काही काळ एकत्र प्रवास केला. एक अमेरिकेतला कृष्णवर्णीय कवी लँगस्टन ह्यूज, दुसरा आर्थर कोस्लर, तेव्हा कम्युनिस्ट पक्षात असलेला. ह्यूजच्या देशात दक्षिणेकडे जाणे म्हणजे आगगाडीत काळ्यांच्या वेगळ्या डब्यात बसणे. इथे तो मॉस्कोहून दक्षिणेला ताश्कंदकडे निघतो आणि डब्यात रंगाची भिंत नाही. त्याला जे दिसते ते हे. कोस्लरला अस्वच्छता दिसते, आणि पुढे पक्ष सोडल्यावर लिहिलेल्या आठवणींत खटले आणि भय दिसते. ह्यूजची भूक खरी होती, त्या भुकेमुळेच त्याला जे दिसले तेही खरे होते, आणि त्या भुकेमुळेच बरेच दिसायचे राहिले. अण्णा भाऊ साठे १९६१ मध्ये सोव्हिएत रशियाला गेले, त्यांचे ‘माझा रशियाचा प्रवास’ वाचतानाही हे लक्षात ठेवावे लागते. ते पुस्तक प्रेमाने वाचावे, पण साक्षीपुरावा म्हणून वाचू नये.

महाराष्ट्राशी जवळचा आणखी एक प्रवासी म्हणजे मानवेंद्रनाथ रॉय. १९२० मध्ये ते ताश्कंदला पोहोचले. हिंदुस्थानच्या मुक्तीसाठी तिथे लष्करी शाळा काढली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात परदेशातल्या हिंदी कम्युनिस्ट पक्षाची स्थापना केली. पुढे याच रॉय यांचा पक्ष आणि मार्क्सवादही मागे पडून मूलगामी मानवतावाद आला, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींसारखी माणसे त्यांच्या विचाराने प्रभावित झाली. वाईच्या ज्ञानपरंपरेतला एक धागा असा ताश्कंदपर्यंत जातो. मराठी प्रवासवर्णनांत आम्हाला तो कुठे दिसला नाही. पुलाव मात्र सगळीकडे दिसला!

आता आक्षेप. ‘सर, आम्ही दोन दिवसांसाठी जातो. आम्ही बाबर नाही, सोल्झेनित्सिन नाही. आम्ही काय करायचं?’ रास्त प्रश्न आहे. गाडामर नावाचा जर्मन तत्त्वज्ञ सांगतो, की पूर्वग्रहाशिवाय समजणे होतच नाही. कोरी पाटी घेऊन कुणीच कुठे पोहोचत नाही. प्रश्न इतकाच की तुमचा पूर्वग्रह तुम्ही पणाला लावता की नाही. समोरच्याने वेगळे काही सांगितले तर ते ऐकायला जागा ठेवता की नाही. त्याला दोन दिवस पुरतात. पुतळ्यापाशी आम्हाला दोन मिनिटेही पुरली असती.

राज कपूरचेच घ्या. टॅक्सीवाला ते नाव घेतो तेव्हा आपण समजतो, आपला गौरव झाला. झालाच. पण त्याला उलट विचारा ना, तुमच्याकडे कुठले सिनेमे आहेत, तुम्ही लहानपणी काय पाहत होता? हा प्रश्न आम्ही वाचलेल्या एकाही लेखात नाही. आणि एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. आपल्याकडच्या काही चित्रफितींत ताश्कंद म्हणजे ‘स्वस्तातली मजा’, आणि तिथल्या स्त्रिया म्हणजे जणू पाहण्याच्या यादीतला एक जिन्नस. नुसत्या पुरुषांचे गट त्याच अपेक्षेने तिथे उतरतात. हे आपल्या लोकांकडून होते आहे. ‘खरे शहर’ शोधणारा सुसंस्कृत प्रवासी आणि हा माणूस यांत फरक खूप आहे, मान्य. पण शहर आपल्यासाठी मांडून ठेवले आहे, ही समजूत दोघांची एकच आहे.

शेवटी, चांगल्या प्रवासवर्णनाकडून आम्ही काय मागतो? लेखक पोहोचण्याआधी त्याच्या डोक्यात काय होते, ते त्याने प्रामाणिकपणे सांगावे. आणि ते कुठे तुटले, तेही सांगावे. काहीच तुटले नसेल तर लिहू नये, फोटो पुरेत.

ताश्कंदला जाणार असाल तर अमीर तिमूर चौकात थोडे बसा. तिथे १९१३ मध्ये रशियन गव्हर्नर जनरल काउफमनचे स्मारक होते. क्रांतीनंतर ते गेले, मग स्टालिन आला आणि गेला, १९६८ मध्ये मार्क्स आला, आणि १९९३ मध्ये घोड्यावरचा तिमूर. भोवती जुने चिनार होते, ते २००९ मध्ये तोडले गेले. पुतळ्यांचे सगळे लिहितात. झाडांविषयी तिथल्या एखाद्या वयस्क माणसाला विचारा आणि तो सांगेल ते पूर्ण ऐकून घ्या. आल्यावर आम्हालाही सांगा, कारण आम्ही ते विचारले नव्हते.