शिवी, कालभान आणि नाट्यसंवाद : ‘डेडवुड’ व ‘सखाराम बाइंडर’ यांच्या संदर्भात

प्रस्तावना

नाट्यसंवादात शिवीला स्थान असावे काय, हा प्रश्न मराठी रंगभूमीला नवा नाही. १९७२ साली विजय तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ रंगभूमीवर आले आणि या प्रश्नाने न्यायालयापर्यंत मजल मारली. अमेरिकेत ‘डेडवुड’ ही दूरचित्रवाणी मालिका (२००४-२००६) प्रसारित झाली, तेव्हा तोच प्रश्न वेगळ्या रूपात पुढे आला : भूतकाळ चितारणाऱ्या कलाकृतीत आजच्या शिव्या शोभतात काय? प्रस्तुत लेखात या दोन कलाकृतींच्या आधारे शिवीच्या औचित्याचा निकष शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

वास्तवाचा युक्तिवाद आणि त्याच्या मर्यादा

शिवीच्या समर्थनार्थ नेहमी दिला जाणारा युक्तिवाद वास्तवाचा असतो. ‘डेडवुड’ ही १८७६ नंतरच्या एका खाणवस्तीची कथा आहे. ही वस्ती १८६८ च्या करारान्वये लाकोटा जमातीसाठी राखलेल्या भूमीवर बेकायदा उभी राहिली होती. अशा वस्तीतील सोनेशोधे, जुगारी व कुंटणखान्याचे मालक सभ्य भाषा बोलत नसणार, हे उघड आहे. मात्र ते नेमक्या याच शिव्या देत होते काय, याविषयी भाषेच्या अभ्यासकांनी शंका घेतली. त्या काळातील तीव्र शिवी बहुधा ईश्वरनिंदेची असे. मालिकेतील शिव्या मुख्यतः लैंगिक आहेत. लेखक डेव्हिड मिल्च यांचे यावरील उत्तर विचारार्ह आहे. जुन्या ईश्वरनिंदक शपथा आजच्या कानाला हास्यास्पद वाटतील. म्हणून त्यांच्या शब्दांऐवजी त्यांचा आघात टिकवला, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. म्हणजे येथील शिवी हे एका परीने भाषांतर आहे.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावयास हवी. पडद्यावरील जुना स्वच्छतोंडी काउबॉय तरी इतिहासातून कोठे आला होता? १९३४ पासून १९६८ पर्यंत हॉलिवूडवर निर्मितिसंहितेचे बंधन होते आणि तीत अपशब्दांना मज्जाव होता. दूरचित्रवाणीवर ‘गनस्मोक’सारख्या मालिकाही (१९५५-१९७५) प्रसारणाच्या शिस्तीतच वाढल्या. सभ्य वेस्टर्न ही त्या नियमांची निर्मिती होती. प्रेक्षकांनी तिलाच इतिहास मानले.

आपल्याकडील ऐतिहासिक मालिकांची स्थिती याहून फारशी निराळी नाही. ‘राजा शिवछत्रपती’ (२००८) किंवा ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ (२०१७-२०२०) यांतील पात्रे घडीव, अलंकृत मराठी बोलतात. प्रत्यक्षात सतराव्या शतकातील दप्तरी मराठीत फारसी शब्दांचा इतका भरणा होता की, त्यांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी ‘राज्यव्यवहारकोश’ रचावा लागला. छावणीतला शिपाई रागाच्या भरात काय बोलत असेल, याची तर मालिकेत कल्पनाही केली जात नाही. तात्पर्य, शिवराळ संवाद जसा रचलेला असतो, तसाच सोवळा संवादही रचलेलाच असतो. केवळ ‘असे बोलत होते’ वा ‘असे बोलत नव्हते’ एवढ्यावर निवाडा होऊ शकत नाही.

शिवीचे नाट्यात्म कार्य

वास्तवाचा निकष अपुरा ठरल्यावर नाट्यात्म कार्याचा निकष उरतो. ‘डेडवुड’मध्ये सारी पात्रे एकसारखी बोलत नाहीत. अल स्वेरेंजनच्या तोंडी शिवी आणि लांबलचक, जवळजवळ शेक्सपिअरी वळणाचे वाक्य एकत्र नांदते. अल्मा गॅरेट अतिशय आदबशीर बोलते. इंग्रजी न जाणणाऱ्या चिनी वू याचा व्यवहार तर मुख्यतः एका शिवीवरच चालतो. जिथे कायदा नाही तिथे शब्द हीच सत्ता असते, हे या भिन्नतेतून उमगते. तथापि मालिकेत शिव्यांचे प्रमाण एवढे आहे की, काही भागांनंतर कान बधिर होतो आणि ही भिन्नता पुसट होते. हा दोष नीतीचा नसून रचनेचा आहे.

‘सखाराम बाइंडर’मध्ये हे भान अधिक नेमके आहे. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना घरी आणून ठेवणारा सखाराम आपल्या शिवराळपणाचा अभिमान बाळगतो. जे आहे ते उघड बोलतो, हेच त्याचे नैतिक भांडवल आहे. लक्ष्मी देवभोळी, मुंग्यांशी बोलणारी. चंपाच्या तोंडी मात्र शिवी हे बचावाचे हत्यार आहे. शेवटी लक्ष्मीने दिलेल्या माहितीमुळे सखाराम चंपाचा खून करतो. त्यानंतर तो सुन्न, निःशब्द होतो आणि प्रेत पुरण्याचे धैर्य सोज्ज्वळ लक्ष्मीच दाखवते. शिव्या देणारा मुका होतो, शिवी न देणारी निष्ठुर ठरते. प्रयोगातून शिव्या गाळल्या तर हा उलटफेर कळणारच नाही. परीनिरीक्षण मंडळाने सुचविलेल्या कापाकापीविरुद्ध दिग्दर्शक कमलाकर सारंग यांनी उच्च न्यायालयात दाद मागितली आणि निकाल नाटकाच्या बाजूने लागला, तो या दृष्टीनेही महत्त्वाचा होता. त्याच वर्षी, तेंडुलकरांच्याच प्रस्तावनेसह प्रसिद्ध झालेल्या नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने शिवी कवितेतही अपरिहार्य असू शकते, हे सिद्ध केले.

एक गंभीर आक्षेप

येथे एका आक्षेपाची दखल घेणे आवश्यक आहे. आपल्या बहुतेक शिव्या आई-बहिणीच्या देहावर वा जातीवर बेतलेल्या असतात. शिवी देणारा आणि शिवी खाणारा दोघेही पुरुष असले, तरी अपमान तिसऱ्याचाच होतो. हा आक्षेप ‘सभ्यते’च्या आक्षेपाहून वेगळा आणि अधिक वजनदार आहे. ‘सेक्रेड गेम्स’नंतर (२०१८) आंतरजालीय मालिकांत शिव्यांचा जो सुकाळ झाला, त्यातील पुष्कळसा या कसोटीस उतरत नाही, तेथे शिवी धाडसाचे प्रमाणपत्र म्हणून येते. २०२१ च्या नियमांनी अशा मालिकांना वयोगटानुसार वर्गीकरण लावले आहे. परंतु वर्गीकरणाने प्रेक्षक ठरतो, औचित्य ठरत नाही.

वर्गात हे नाटक शिकविणाऱ्या प्राध्यापकालाही हा आक्षेप टाळता येत नाही. समोर विद्यार्थिनी बसलेल्या असताना संवाद वाचावा की गाळावा? गाळला तर नाटक खोटे होते. नुसता वाचला तर अपमानाची पुनरावृत्ती होते. संवाद वाचून, तो कोणाला उद्देशून आहे आणि त्याची किंमत कोण मोजते, हे त्याच तासाला चर्चेस घेणे, हाच प्रामाणिक मार्ग दिसतो.

समारोप

शिवीला मर्यादेत स्थान देण्याची जाण लोकपरंपरेत आहेच. हमरापूर असो वा रोह्याकडील एखादे गाव, एरवी वडीलधाऱ्यांसमोर वावगा शब्द न काढणारा माणूस होळीभोवती बोंब मारतो. कारण त्या शब्दाला काळ, स्थळ आणि समूहाची संमती असते. कलाकृतीला अशी संमती आयती मिळत नाही, ती रचनेतून मिळवावी लागते. पात्रांतील भेद, सत्तेचा खेळ आणि अपमानाची किंमत जी शिवी दाखवून देते, ती वेस्टर्नमध्ये, ऐतिहासिक मालिकेत वा सामाजिक नाटकात कोठेही योग्यच ठरते. जी केवळ संख्येने येते, ती वास्तवाचा कितीही दाखला दिला तरी उपरीच राहते. शिमगा गेला तरी कवित्व उरते, असे आपण उपरोधाने म्हणतो. शिवराळ कलाकृतीला मात्र हीच कसोटी लावावयास हवी. शिमगा ओसरल्यावर मागे काही कवित्व उरते काय?