येतो हं!

आपल्याकडे निघणाऱ्या पाहुण्यानं 'जातो' म्हणायचं नसतं, 'येतो' म्हणायचं. स्वारी कायमची चालली की कोपऱ्यावर विडा खाऊन परत येणार, हे यजमानानं आपापलं ओळखायचं. संगणकावरच्या वेबपानाची पंचाईत नेमकी हीच आहे.

तुम्ही पान मिटा, दुसऱ्या पानावर जा, नाहीतर तेच पान रीलोड करा. ब्राउझर पानाच्या कानात एकच शब्द कुजबुजतो, 'बीफोरअनलोड'. म्हणजे 'पाहुणे उठले!' कुठं निघाले, हे गुलदस्त्यात. रीलोड होतं की काय, ते नव्यानं उघडलेल्या पानाला मागाहून कळतं. निरोपाचा अर्थ पुन्हा कडी वाजल्यावर लागायचा!

१९९७ च्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ही सोय आली. हेतू सज्जनपणाचा. अर्धा भरलेला अर्ज वाया जाऊ नये, म्हणून 'नक्की निघालात ना?' एवढं विचारायचं. पण दाराची कडी हाती आली की काही यजमानांना मोह आवरत नाही. 'थांबा! बक्षीस हुकेल!' असले मजकूर लिहून लोकांनी पाहुण्यांचे सदरे ओढायला सुरुवात केली. अखेर फायरफॉक्सनं २०११ साली आणि क्रोमनं २०१६ साली पानाचं तोंडच बंद केलं. आता वाक्य ब्राउझरचं, ठरावीक: केलेले बदल कदाचित जतन होणार नाहीत. पाहुण्यानं पानाला बोटही लावलेलं नसेल, तर हल्लीचे ब्राउझर तेवढंही विचारू देत नाहीत.

वाङ्मय म्हणून हे वाक्य अगदीच अळणी. तरी मला ते आवडतं. त्यात भीती नाही, आमिष नाही, आणि जाण्याचा हक्क जाणाऱ्याकडेच राहतो.

माझी तक्रार वेगळी आहे. अहो, या वाक्याच्या भरवशावर निजणाऱ्यांचं काय? मोबाइलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारी मुलगी मधेच फोन घ्यायला वळते, मग अंगठ्यानं सगळंच सारून टाकते. तिथं 'बीफोरअनलोड' येईलच याची खात्री नाही. भरवशाची शेवटची खबर एकच, पान नजरेआड झाल्याची. तिचं नाव 'व्हिजिबिलिटीचेंज'. त्या क्षणी, किंबहुना लिहिता लिहिताच, मजकूर जपून ठेवला नाही तर तिच्या तासाभराच्या मेहनतीवर पाणी!

शहाणा यजमान दारात आडवा पडत नाही. पाहुणा बसलेला असतानाच तो डबा भरून ठेवतो.