‘स्मृतिचित्रे’तील तारण

दिवाळीचा फराळ आटोपला, पुरुषमंडळी लवंडली आणि मुलांच्या हातचे फटाके संपले, म्हणजे आमच्या घरी माझी आत्या लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ उघडून बसत असे. प्रसंग सर्वांना पाठ होते. तरी दरवर्षी आम्ही तेवढ्याच उत्साहाने हसत असू. बाहेरून आलेली चीजवस्तू धुतल्यावाचून घरात न घेणारे लक्ष्मीबाईंचे सोवळे वडील, कुणाला न सांगता घरातून नाहीसे होणारे त्यांचे यजमान नारायण वामन टिळक, आणि या दोघांच्या तडाख्यातून तगून राहिलेली, मागे वळून त्यांच्याकडे पाहत हसणारी ही बाई! पण वाचता वाचता १८९५ साल आले, टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतल्याची बातमी आली, की आत्याचा आवाज उतरायचा. लक्ष्मीबाईंचा पंढरपुरातला आकांत ती डोळे पुशीत वाचायची. पुढे मात्र धर्माचा विषय निघाला, की ‘हे आपल्याला नको’ म्हणून पाचपंचवीस पाने एकदम उलटायची. आणि बालकवी ठोमरे टिळकांच्या घरी राहायला आले म्हणजे मग आमचा हशा पुन्हा सुरू व्हायचा.

पुढे नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे त्या वेळच्या अहमदनगरास राहिलो. शेजारी एक वृद्ध ख्रिस्ती शिक्षिका राहत. त्यांच्याजवळही हे पुस्तक होते आणि तेही असेच हाताळून मऊ झालेले. आत्याची गोष्ट मी त्यांना सांगितली तेव्हा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “तुम्ही लोक आमच्या लक्ष्मीबाईंच्या घरी जेवता नि देवघर टाळून बाहेर पडता.” मला ते लागले. परंतु थोड्याच दिवसांनी माझ्या ध्यानात आले, की बाईंचेही वाचन एका जागी थांबत असे. १९०० साली लक्ष्मीबाई स्वतः बाप्तिस्मा घेतात, तिथे. “तिथं त्यांचं तारण झालं, पुढं मग सगळा संसार आहे,” असे त्या म्हणत.

एका वाचकाने आरंभी पाने उलटावी, दुसऱ्याने शेवटी पुस्तक मिटावे, आणि दोघांच्याही हातून एकच गोष्ट निसटावी, अशी ही गंमत आहे. ती गोष्ट मला सांगायची आहे. ‘स्मृतिचित्रे’ हे मराठीतले तारणावरचे एक फार मोलाचे पुस्तक आहे, आणि ते तसे आहे याचे कारण त्यात तारण एका दिवसात उरकत नाही.

आधी या शब्दाकडे पाहू. ‘तारण’ म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम सावकार उभा राहतो. त्याच्यापाशी ठेवलेला दागिना, नाहीतर जमिनीचा कागद. मराठी ख्रिस्ती मंडळींनी हाच शब्द पापापासूनच्या सुटकेसाठी योजला. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे माणसाच्या डोक्यावरचे देणे त्याला फेडता येण्याजोगे नाही. ते ख्रिस्ताने आपल्या मरणाने फेडले. हे फुकट मिळालेले आहे, पुण्याईने कमावलेले नाही. आता सावकारी हिशेबाने पाहिले, तर दागिना सोडवून आणला म्हणजे काम संपले. तो पुन्हा पेटीत पडला. माझ्या शेजारच्या बाईंचे मत हे असे पेटीतल्या दागिन्याचे मत होते.

पौलाच्या पत्रांत मात्र गोष्ट इथे संपत नाही, उलट इथून लागते. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो देवाचा हेतूच सांगतो, आणि तो हेतू नुसत्या शिक्षामाफीचा नाही. सोडवलेल्या माणसांनी ख्रिस्ताच्या रूपासारखे व्हावे, त्याची भावंडे व्हावीत, असा आहे. इफिसकरांच्या पत्रात तर कृपेने मिळालेल्या तारणाचा उल्लेख आणि त्यातून घडायच्या सत्कृत्यांचा उल्लेख अगदी लागून येतात: कृत्ये तारणाची किंमत नव्हेत, त्याचे फळ होत. म्हणून प्रॉटेस्टंट धर्मशास्त्री दोन शब्द वेगळे ठेवतात. नीतिमान ठरणे हे देवाकडून एकदम होते. पवित्र होत जाणे याला सारा जन्म लागतो. आपल्याकडे मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. पण मोक्ष नको, भक्तीसाठी पुन्हा जन्म दे, असे देवाला बजावणारे तुकाराममहाराजही आपलेच आहेत. आणि आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. सुटकेहून मोठे काही देवाजवळ मागायचे असते, ही कल्पना मराठी मनाला परकी नव्हे, एवढेच इथे पुरे.

आता पुन्हा लक्ष्मीबाईंच्या वडिलांकडे येऊ. त्यांच्या धुण्यावर आम्ही पोट धरधरून हसलो. पण या पुस्तकाची किल्ली मला त्या धुण्यात सापडते. त्या घरात पाणी हा एक धाक होता. काय शिवले, कोण शिवले, कुणाची सावली पडली, याचा हिशेब रोज नव्याने मांडायचा आणि रोज नव्याने धुवायचा. विटाळ बाहेरून येतो आणि पाण्याने जातो. फक्त तो जातो कधीच पुरता नाही, म्हणून उद्या पुन्हा घागर भरायची. अशा घरात वाढलेली मुलगी पुढे ज्या धर्मात गेली, त्याच्या दारातही पाणीच आहे. बाप्तिस्मा म्हणजे पाण्याचाच संस्कार. भेद एवढाच, की हे पाणी जन्मात एकदाच घ्यायचे असते. ते पुन्हा घेत नाहीत, कारण त्याच्या जोरावर शुद्ध राहायचे नसते. रोजच्या स्नानातून एकदाच्या स्नानाकडे झालेला हा प्रवास म्हणजे लक्ष्मीबाईंचे धर्मांतर. त्या स्वतः अशा भाषेत ते मांडीत नाहीत; त्यांना सिद्धांत सांगायचा कंटाळा आहे आणि मला तो त्यांचा मोठा गुण वाटतो.

पुस्तकातला क्रम मात्र फार बोलका आहे. पाचेक वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नगरला टिळकांकडे आल्या, त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. आपले सोवळे, आपली चूल घेऊन आल्या, आणि टिळकांनी त्यांना ते पाळू दिले. मग कधीतरी, उपदेशक समोर नसताना, त्या एकट्याच विचार करू लागतात: जाती देवाने केल्या की माणसाने? उत्तर मिळते, आणि मिळाल्यावर त्या दुसऱ्या कुणाची संमती घ्यायला थांबत नाहीत. कुणाच्याही हातचे खायचे, हे ठरते. बाप्तिस्मा त्यानंतरचा. ही पाने आत्या उलटीत असे. कुणीतरी कुणालातरी बाटवल्याची ती पाने असणार, या भीतीने! त्या पानांत बाटवणारा कुणी नाहीच. एका शहाण्या बाईने आपल्या बापाची घागर खाली ठेवल्याची ती हकीकत आहे.

बाप्तिस्म्याने सारे पुरे झाले, हे शेजारच्या बाईंचे म्हणणे तरी टिळकांना लागू पडते काय? १८९५ साली दहा फेब्रुवारीला ज्यांचा बाप्तिस्मा झाला ते टिळक १९१७ साली अमेरिकन मिशनचे काम सोडतात आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडतात. ख्रिस्ताचे शिष्यत्व हे पाश्चात्त्य चर्चच्या चौकटीत मावत नाही, असे त्यांना बावीस वर्षांनी वाटते. दोन वर्षांत, १९१९च्या मे महिन्यात, ते गेले. धर्म बदलल्यावरही त्यांचे बदलणे थांबले नव्हते. लक्ष्मीबाईंचे तर त्याहून नाही. पोरकी मुले घरात येतात, ठोमरे येतात (आणि हिंदूच राहून टिळकांच्या घरचे होतात), कीर्तनाला उभे राहायचे धैर्य येते, वैधव्य येते, म्हातारपणी कराची येते. ‘पुढं मग सगळा संसार आहे’ हे खरेच. पण पौल ज्याला फळ म्हणतो ते धरायला संसाराचाच मळा लागतो. चर्चमध्ये आठवड्यातून तासभरच बसायचे असते.

इथे एक रास्त शंका निघेल. चांगली बाई वयाबरोबर अधिक चांगली झाली. यात ख्रिस्ताचे काय? ती कोणत्याही धर्मात राहून इतकीच मोठी झाली नसती कशावरून? मी ख्रिस्ती नाही. या प्रश्नाला शेवटचे उत्तर देण्याचा मला अधिकार नाही, आणि असता तरी टीकाकाराने ते देऊ नये. मी एवढेच सांगतो, की पुस्तकात एक गोष्ट आहे जी नुसत्या चांगुलपणाने येत नाही. ती म्हणजे त्यांचे हसणे.

ज्या टिळकांनी त्यांना न विचारता धर्म सोडला, लहान मुलासह नातेवाइकांच्या आश्रयाला टाकले, संताप केला, उपास काढायला लावले, त्यांच्याविषयी या बाई चाळीस वर्षांनी लिहायला बसतात. हिशेब चुकता करायला याहून चांगली संधी कुणाला मिळेल? मराठीत आत्मचरित्रे थोडी नाहीत, आणि हिशेब चुकते करणारी तर ढिगाने आहेत. लक्ष्मीबाई टिळकांचा एकही दोष झाकत नाहीत आणि एकही वसूल करीत नाहीत. स्वतःचा हेकटपणा, अडाणीपणा, भांडखोरपणा हाही त्याच हसऱ्या आवाजात सांगतात. स्वतःला संत म्हणवून घ्यायचे असते त्याला स्वतःवर असे हसता येत नाही. स्वतःला पापी म्हणून कुढत बसणाऱ्यालाही येत नाही. ज्याला आपले देणे फिटल्याचे ठाऊक आहे आणि आपण ते फेडलेले नाही हेही ठाऊक आहे, त्यालाच हे साधत असावे. क्षमा केली, असे वाक्य त्या कुठे घोळवीत बसत नाहीत. ती केलेली आहे, आणि केल्यावर जो मोकळेपणा उरतो त्यातून पुस्तक लिहिले गेले आहे. आमच्या ओसरीवरचा हशा म्हणजे या बाईंचे धर्मशास्त्र होते! आत्या ते मोठ्याने वाचीत होती आणि धर्माची पाने टाळल्याच्या समाधानात होती.

याच्या शेजारी ‘ख्रिस्तायन’ ठेवून पाहावे. टिळकांनी आरंभिलेले, अपुरे राहिलेले, लक्ष्मीबाईंनी फार मोठा भाग रचून पुढे नेलेले हे महाकाव्य दोघांच्याही मागे १९३८ साली प्रसिद्ध झाले. श्रम थोर, श्रद्धा निःसंशय. पण मला तिथे लक्ष्मीबाई सोवळ्यात वाटतात. प्रभूच्या चरित्राला हात लावताना त्यांची जीभ सांभाळून चालते, थट्टा तर दूरच. तिथे तारणारा आहे. तारण होत असलेले माणूस ‘स्मृतिचित्रे’तच भेटते. चार भागांचे हे पुस्तक १९३४ ते १९३६ या काळात निघाले, त्याचा शेवटचा भाग पहिल्याइतका रसाळ नाही, विस्कळीत आहे, हेही मी मान्य करतो. चौथा भाग १९३६ सालचा, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत लक्ष्मीबाई वारल्या.

इंग्रजीत हे पुस्तक १९५० साली जोसेफाइन इंकस्टर यांनी नेले, आणि त्याला ‘आय फॉलो आफ्टर’ असे नाव दिले. इंग्रजी बायबलाच्या जुन्या भाषांतरात फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात नेमके हेच शब्द येतात: आपण अजून पोहोचलो नाही, पण मागे लागलो आहोत, असे पौल स्वतःविषयी सांगतो तिथे. त्या नावात नवऱ्यामागून चालणारी बायकोही बसते आणि न पोहोचलेला प्रेषितही. २०१७ साली शांता गोखले यांनी केलेल्या इंग्रजी भाषांतराने मूळचे मराठी नावच ठेवले. मला पहिले नाव अधिक आवडते. आत्याला ते मुळीच आवडले नसते. ती म्हणाली असती, मागे कसली? अर्ध्या वाटेवर तिने टिळकांना गाठले, आणि मग तेच तिच्या मागून धापा टाकीत आले असतील.