पवनीच्या टेकड्या आणि आपली घाई

आमच्या पेण तालुक्यातले गागोदे बुद्रुक हे गाव लोकांना ठाऊक आहे ते १८९५ साली विनोबा तेथे जन्मले म्हणून. पाहुणा येतो, ते घर पाहतो आणि परततो. गावाच्या कडेला कोण राहते, किती पिढ्या राहते, हे तो विचारत नाही. ज्याचे नाव लिहून राहिले त्याचेच स्थळ होते. हा विचार डोक्यात असल्यामुळे दीक्षाभूमीला गेलो तेव्हा पुढे भंडारा जिल्ह्यातील पवनीला मुद्दाम गेलो.

वैनगंगेकाठचे हे लहान शहर. तट, खंदक, वेस, देवळे हे सगळे आधी दाखवले जाते. टेकड्यांची पाळी शेवटी. स्तूप म्हणजे मुळात अस्थींवर रचलेला ढीग. येथे टेकडीच्या पोटात स्तूप, आणि टेकडी मात्र जगन्नाथाची! १९६९-७० साली पुरातत्त्व सर्वेक्षण व नागपूर विद्यापीठ यांनी जगन्नाथ आणि हरदोलाला या टेकड्या खणल्या. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांचा अहवाल १९७२ साली निघाला. अहवाल काटेकोर आहे. पण इंग्रजीत, जाणकारांसाठी. ज्यांचा हा वारसा म्हणायचा त्यांच्या हाती तो पडलाच नाही.

आणि त्यात आहे काय? इसवीसनापूर्वीच्या दगडी कठड्यावर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावे. एक दाता पाच निकाय जाणणारा. एका दानामागे सर्व प्राणिमात्रांच्या सुखाची इच्छा. एका शिल्पात फणा काढलेला मुचलिंद नाग, खाली त्याचे नाव.

येथेच आपले वक्ते घाई करतात. १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी नागपूरचा संबंध नाग लोकांशी जोडला होता. मग हा नाग म्हणजे आपल्या वंशाचा पुरावाच, असे सांगून टाळ्या घेतल्या जातात. मला हे पटत नाही. मुचलिंद हा पावसात बुद्धावर फणा धरणारा कथेतला नागराजा. कोरलेली कथा म्हणजे वंशावळ नव्हे. जुनापाणी, माहुरझरी येथील दगडी वर्तुळांतल्या दफनांबाबतही तेच. लोखंडी हत्यारे, घोड्याचे तांब्याचे साज पुरणारी ती माणसे मोठीच. पण हाडांवरून जात वाचता येत नाही. पुराणांतल्या वंशावळी नाकारणाऱ्यांनी नव्या रचाव्यात कशाला?

त्यापेक्षा कठड्यावरची ती नावे मला मोलाची वाटतात. त्यांत राजा शोधण्याची गरज नाही. भिक्षू होते, गृहस्थ होते, त्यांनी आपापला दगड दिला आणि आपले नाव लिहविले. या नावांची मराठी पुस्तिका आपल्या एखाद्या महाविद्यालयाने काढावी, अक्षरांच्या ठशांसह. ब्राह्मीची ओळख व्हायला महिनाभर पुरे. मी ज्या शिबिरांना गेलो त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत मात्र तिला एक तासही नव्हता.