'माझी आजी' : एक परीक्षण

परीक्षणासाठी आमच्याकडे नुकतीच एक साहित्यकृती आली. शीर्षक 'माझी आजी'. लेखिका इयत्ता सातवी, तुकडी ब. नात्यानं ती आमची नात लागते, त्यामुळे परीक्षक तटस्थ नाही हे आधीच सांगून टाकतो. पण मराठीत तटस्थ परीक्षक आहे तरी कोण?

निबंधाची भाषा शुद्ध. एक वेलांटी चुकलेली नाही. तिथंच मला संशय आला. यातली आजी पहाटे उठते, तुळशीला पाणी घालते, सुरकुतलेल्या मऊ हातांनी नातीला तेल लावते आणि रात्री चांदण्यात राजाराणीच्या गोष्टी सांगते. वाचून डोळे पाणावले. अशी बायको आपल्याला का मिळाली नाही, या विचारानं.

आमची ही साडेसातच्या आत उठत नाही. तुळस आहे, पाणी मी घालतो. गोष्टींचं म्हणाल तर हिच्या गोष्टी रमीच्या मैत्रिणींच्या सुनांबद्दल असतात आणि त्या नातीला सांगण्यासारख्या नसतात.

"ही कुणाची आजी गं?" मी विचारलं.

"चॅटजीपीटीने लिहून दिली, आजोबा. बाईंनी दहापैकी नऊ दिले!"

"अगं, पण तुझी आजी इथंच बसलीय की!"

"तिला विचारत बसले असते तर तासभर गेला असता."

खरं सांगायचं तर आम्हीही काही संत नव्हतो. 'माझा आवडता प्राणी' मी गाईडातूनच उतरवला होता. गाय मला आवडत नसे, तिची भीती वाटे. पण उतरवताना बोटं तरी दुखत आणि चार ओळी नकळत डोक्यात राहत. या यंत्रापुढे तेवढीही तोशीस नाही.

तुर्कस्तानात शाळेच्या सुमारे हजार मुलांवर एक प्रयोग झाला. त्याचा अहवाल २०२५ साली छापून आला. गणितं सोडवताना हे यंत्र हाताशी असलेल्या मुलांची कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. आईबाप खूश! मग परीक्षेला यंत्र काढून घेतलं, तर यंत्र कधी न मिळालेल्या मुलांपेक्षा हीच मुलं १७ टक्क्यांनी मागं पडली. गंमत पुढेच आहे. आणखी एका गटाच्या यंत्राला 'उत्तर सांगू नकोस, नुसतं सुचव' अशी तंबी दिलेली होती. त्या मुलांचं असं नुकसान झालं नाही. म्हणजे दोष यंत्राचा कमी आणि आयत्या उत्तराचा जास्त. आमच्या मास्तरांना हे केव्हाच ठाऊक होतं. तेही उत्तर सांगत नसत, नुसतं सुचवत. सुचवायला छडी वापरत, एवढंच.

शेवटी नातीला आजीसमोर बसवलं. तासभर नव्हे, दोन तास गेले. अकराव्या वर्षी आजीनं भावाची सायकल पळवून ती चिंचेच्या झाडावर घातली होती, कोपर फोडून घेतलं होतं आणि घरी 'जिन्यावरून पडले' अशी थाप मारली होती, हे त्यात निघालं. नातीनं नवा निबंध स्वतः लिहिला. वेलांट्या नऊ चुकल्या. बाईंनी सहा मार्क दिले.

गेलेल्या तीन मार्कांचं मला काही वाटत नाही. वाटतं ते निराळंच. शेहेचाळीस वर्षं संसार करून त्या कोपरावरच्या खुणेबद्दल मी हिला कधी विचारलं नव्हतं.

आणि मला तर यंत्राची सबबही नाही.