‘चालू’ या पदाचा अर्थ

सर्व्हरवरील दूरस्थ लॉगिनची सेवा ठराविक अवधीने तपासून नोंदवहीत ‘चालू’ अथवा ‘बंद’ असे लिहिणाऱ्या स्क्रिप्ट्स बहुतेक संगणककेंद्रांत आढळतात. त्यांच्या रचनेविषयी तंत्रज्ञांनी पुष्कळ लिहिले आहे. परंतु त्या जे विधान करतात त्याला आधार किती, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो अर्थविचाराचा प्रश्न आहे.

एसएसएच ही लॉगिनची पद्धती १९९५ मध्ये फिनलंडमध्ये निर्माण झाली. तिला २२ क्रमांकाचे पोर्ट नेमून दिलेले आहे. सर्वांत साधी स्क्रिप्ट या पोर्टाशी जोडणी होते का, एवढेच पाहते. वस्तुतः ही जोडणी कर्नल स्वीकारतो. लॉगिन देणारा प्रोग्राम निपचित पडला असला तरी ती काही काळ होत राहते. नागिओस या प्रणालीतील ‘चेक_एसएसएच’ एक पाऊल पुढे जाते. सर्व्हर आरंभी ‘एसएसएच-२.०’ अशी ओळख देणारी ओळ पाठवितो, ती वाचून ते ‘ओके’ असा निर्वाळा देते. रोमन याकोबसन यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात, संपर्क जिवंत आहे की नाही एवढेच चाचपणाऱ्या उक्तींचे एक स्वतंत्र भाषाकार्य मानले आहे. ही ओळ त्याच जातीची होय. दूरध्वनीवर ‘हॅलो’ला ‘हॅलो’ आले, एवढ्यावरून आपले काम झाले असे कोणी मानीत नाही. येथे मात्र तसे सर्रास मानले जाते. किल्ली व पासवर्ड पडताळणारी यंत्रणा कोलमडली, किंवा वापरणाऱ्यांच्या फायली ज्या दुसऱ्या यंत्रावर आहेत ते अडकले, तरी ही ओळ येतच राहते. ज्याच्या प्रबंधाची सारी सामग्री आत आहे तो अभ्यासक बाहेर ताटकळतो, आणि तक्रार घेऊन गेल्यास त्याच्यापुढे नोंदवही ठेवली जाते! यंत्राच्या ‘ओके’पुढे माणसाची साक्ष खोटी ठरते.

प्रत्यक्ष लॉगिन करून एखादी निरुपद्रवी आज्ञा चालविणारी स्क्रिप्ट निःसंशय अधिक प्रामाणिक आहे. तिच्यासाठी स्वतंत्र किल्ली ठेवावी लागते. त्या किल्लीने तेवढी एकच आज्ञा चालावी असा निर्बंध घालता येतो, त्यामुळे तो आक्षेप फारसा टिकत नाही. शिवाय ‘कनेक्टटाइमआउट’ची मर्यादा लॉगिननंतर अडकलेल्या आज्ञेला लागू पडत नाही, म्हणून बाहेरून ‘टाइमआउट’चे कुंपण हवेच.

परंतु तेथेही एक घोटाळा उरतो. सर्व्हरचे नाव सापडले नाही, जोडणी नाकारली गेली, किल्ली अमान्य झाली, सर्व्हरची स्वतःची किल्ली बदललेली आढळली, या सर्वांना एसएसएच २५५ हा एकच अंक परत देते. चार अर्थांना एक चिन्ह! त्यांपैकी शेवटच्या प्रसंगी सेवा चालू असते, किंबहुना भलत्याच यंत्राने उत्तर दिलेले असू शकते. त्यास ‘बंद’ म्हणणे हा सरळ अनर्थ होय. आश्चर्य असे की, नेमके कारण एसएसएच शब्दांत सांगत असते, आणि स्क्रिप्ट लिहिणारे ते शब्द ‘डेव्ह-नल’मध्ये लोटून केवळ अंक जपतात. नोंदवहीत ‘जोडणी झाली’, ‘ओळख मिळाली’, ‘प्रवेश मिळाला’ आणि ‘आज्ञा पार पडली’ ही पदे निरनिराळी लिहावीत, व २५५ आल्यास त्यासोबतची ओळ जशीच्या तशी उतरवून ठेवावी.