एरियलला तिचं गाणं परत मिळालंच नाही

‘द लिटिल मर्मेड’च्या सुरुवातीच्या प्रसंगांमध्ये एक फसलेली मैफल आहे. समुद्राचा राजा ट्रायटन दरबारात येऊन बसलाय. दरबारी संगीतकार सेबॅस्टियन हा एक खेकडा आहे, आणि त्यानं राजाच्या सात मुलींचा गाण्याचा कार्यक्रम बसवलाय. सहा बहिणी ठरल्याप्रमाणे गातात. मग धाकटीची, सगळ्यांत गोड गळ्याच्या एरियलची पाळी येते. भलामोठा शिंपला उघडतो आणि आत कोणीच नसतं.

एरियल तेव्हा एका बुडालेल्या जहाजात माणसांच्या वस्तू शोधत हिंडतेय.

लहानपणी मला हा प्रसंग फक्त गमतीचा वाटायचा. परवा रात्री फोनवर, कानात इअरफोन घालून सिनेमा पुन्हा पाहिला आणि याच जागी पॉज केला. या मुलीचा आवाज आपण अजून ऐकलेलाही नाही. पण तो कुणाच्या मालकीचा समजला जातो, ते कळून चुकलंय. दरबार बापाचा, चाल बापाच्या नोकरानं बांधलेली, गाण्यात कौतुकही बापाचंच. आणि ती तिथं गेलेलीच नाही.

या सिनेमावरचा नेहमीचा आरोप तुम्हाला माहीत असेल. एका देखण्या राजपुत्रासाठी मुलगी स्वतःचा आवाज विकते, मग हा कसला आदर्श? कॉलेजात असताना मीही हे वाक्य दोन-तीनदा ठणकावून म्हटलंय. आज मला तो आरोप निम्माच पटतो. माझी तक्रार वेगळी आहे. आवाज विकण्याबद्दल हा सिनेमा बऱ्यापैकी खरं बोलतो. तो कच खातो आवाज परत मिळाल्यावर.

आधी मूळ गोष्ट. हान्स ख्रिश्चन अँडरसनची ‘छोटी जलपरी’ १८३७ साली छापून आली. त्यात चेटकीण जलपरीची जीभच कापून घेते. तिला मिळालेल्या पायांनी टाकलेलं प्रत्येक पाऊल सुरीवरून चालल्यासारखं दुखतं. राजपुत्र दुसरीशीच लग्न करतो. बहिणी आपले केस देऊन तिच्यासाठी एक सुरी आणतात. राजपुत्राला मारलंस तर तू पुन्हा जलपरी होशील, असं सांगतात. ती सुरी समुद्रात फेकते आणि स्वतः पाण्यात उडी घेते. तिचा फेस होतो, मग ती हवेच्या मुलींमध्ये सामील होते. तिला फक्त राजपुत्र नको होता, माणसांसारखा अमर आत्माही हवा होता. तिचा आवाज मात्र कधीच परत येत नाही.

डिस्नेनं १९८९मध्ये यावर सिनेमा काढला तेव्हा ‘स्लीपिंग ब्यूटी’ला तीस वर्षं झाली होती. मधल्या काळात त्यांनी परीकथेवर एकही पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट केला नव्हता. दिग्दर्शक होते रॉन क्लेमेंट्स आणि जॉन मस्कर. पण सिनेमाला आकार आला तो गीतकार आणि निर्माता हॉवर्ड ॲशमनमुळे. संगीतकार ॲलन मेंकन त्याचा जुना जोडीदार. दोघंही न्यूयॉर्कच्या संगीत-रंगभूमीवरून आलेले. ‘लिटिल शॉप ऑफ हॉरर्स’ त्यांचंच.

ॲशमननं डिस्नेच्या ॲनिमेटर्सना एक साधी गोष्ट समजावली होती. बहुतेक सगळ्या चांगल्या म्युझिकलमध्ये सुरुवातीलाच नायिका कुठेतरी बसते आणि आपल्याला आयुष्यात काय हवंय ते गाऊन सांगते. ते गाणं ऐकलं की प्रेक्षक तिचा होतो. एरियलचं असं गाणं म्हणजे ‘पार्ट ऑफ युअर वर्ल्ड’. जमवलेल्या वस्तूंच्या गुहेत बसून ती ते गाते. जोडी बेन्सनच्या आवाजात ते कुजबुजीसारखं सुरू होतं. तिला काही शब्द आठवत नाहीत, ती अडखळते, पुन्हा सुरू करते. बोलता बोलता कधी गायला लागली, ते कळत नाही.

आता एक बारीक गोष्ट पाहा. हे गाणं संपतं तोवर एरियलनं राजपुत्र एरिकला पाहिलेलंसुद्धा नाही. जहाजाचे दिवे तिला यानंतर दिसतात. म्हणजे तिची मूळ ओढ मुलाची नाही, जागेची आहे. जिथं प्रश्न विचारले तर कुणी उत्तरं देईल, मुलींना दटावून गप्प बसवणार नाही, अशी जागा तिला हवीय. एरिक नंतर येतो आणि त्या ओढीला एक चेहरा मिळतो.

हे गाणं जवळजवळ कापलं गेलं होतं. स्टुडिओप्रमुख जेफ्री कॅट्झेनबर्ग यांनी अर्धवट तयार सिनेमा मुलांना दाखवला, तर या गाण्याच्या वेळी मुलं चुळबुळ करायला लागली. काढून टाकू या, असं त्यांचं मत झालं. ॲशमन, दोन्ही दिग्दर्शक आणि ॲनिमेटर ग्लेन कीन हटून बसले आणि गाणं राहिलं. ते गेलं असतं, तर हा सिनेमा खरोखरच एका मुलासाठी आवाज विकणाऱ्या मुलीचा झाला असता. आपला आरोप पूर्ण खरा ठरला असता.

मग येतो सौदा. बापानं त्रिशूळाच्या एका झटक्यात ती गुहा, सगळ्या वस्तूंसकट, उद्ध्वस्त केलीय. त्याच मनःस्थितीत एरियल समुद्रचेटकीण अर्सुलाकडे जाते. अर्सुला ही डिस्नेच्या खलनायिकांमधली माझी सगळ्यांत लाडकी. तिचं रूप बेतलंय डिव्हाइन या ड्रॅग कलाकारावर. डिव्हाइन बाल्टिमोरचा, आणि ॲशमनही त्याच शहरात वाढलेला. अर्सुलाचा आवाज दिला पॅट कॅरलनं.

तीन दिवस पाय, बदल्यात आवाज. एरियल विचारते, आवाजच नसेल तर मी करू काय? तेव्हा अर्सुला गाण्यातच तिला पटवते. वर जमिनीवरच्या पुरुषांना बडबड्या बायका आवडत नाहीत, गप्प राहणारीलाच नवरा मिळतो, तुझं रूप आहे की, अशा अर्थाचं एक अख्खं कडवं आहे.

२०२३च्या लाइव्ह ॲक्शन आवृत्तीत हे कडवं काढून टाकलं. लहान मुलींचा गैरसमज होऊ नये, असं कारण दिलं गेलं. मला ती चूक वाटते. हे वाक्य कोण म्हणतंय? खलनायिका. ती खोटं बोलतेय का? तिथंच तर गंमत आहे. ती जगाचं मत जसंच्या तसं सांगतेय आणि त्या मताचा धंदा करतेय. सोळा वर्षांच्या मुलीला गप्प बसवायचं असेल तर कुणी तिचा गळा दाबत नाही. ‘तुझ्याच भल्यासाठी’ म्हणून सांगतात. हे कडवं काढलं की अर्सुला फक्त जादूटोणा करणारी बाई उरते.

इथं मला माझं सांगावं लागेल, कारण मी हा सिनेमा त्यातूनच पाहते.

मी अमरावतीकडची. अठराव्या वर्षी पुण्यात शिकायला आले. पहिल्याच आठवड्यात वर्गात उभी राहून ‘मले वाटते’ म्हणाले आणि हशा पिकला. कुणी दुष्ट नव्हतं. नंतर दोघी-तिघींनी ‘किती क्यूट बोलतेस, पुन्हा म्हण ना’ असंही केलं. एका सरांनी वर्गाबाहेर बोलावून, खरंच मायेनं सांगितलं की तू हुशार आहेस, फक्त भाषेकडे लक्ष दे, पुढे इंटरव्ह्यूला अडचण येईल. ते सेमिस्टर मी जवळपास गप्प काढलं. हसायचं, मान डोलवायची, डोळ्यांनी बोलायचं. दुसऱ्या वर्षापर्यंत माझं ‘मला वाटतं’ इतकं सफाईदार झालं की कुणाला माझं गाव ओळखू येईना. मला पाय फुटले होते. स्पर्धा जिंकले, नोकरी लागली. एका रात्री हॉस्टेलच्या जिन्यात आईशी फोनवर बोलत होते, तर ती मध्येच म्हणाली, “काऊन वो, पाहुन्यावानी बोलून रायली तू?”

म्हणून एरियलच्या मुक्या दिवसांवर मला हसू येत नाही. ‘करारावर सही करता येते, मग एरिकला चिठ्ठी का लिहीत नाही?’ हा मीम मीही फॉरवर्ड केलाय. पण ते दिवस पडद्यावर नीट पाहा. ग्लेन कीन आणि मार्क हेन यांनी तिथं कमाल केलीय. खांदे, भुवया, ओठांपाशी येऊन थांबलेला हात. जेवणाच्या टेबलावर ती काट्यानं केस विंचरते, समोरचे थबकतात आणि तिला कळतं की आपलं काहीतरी चुकलं. त्या अर्ध्या सेकंदात तिच्या चेहऱ्यावर जे येतं ते मला ओळखीचं आहे. हाताने काढलेल्या रेषांमध्ये ते कसं आणलं, देव जाणे.

आणि गाणी? आवाज गेल्यावर सिनेमात गातात ते सगळे दुसरेच. स्वयंपाकी गातो, सेबॅस्टियन गातो. ‘किस द गर्ल’ हे सुंदर गाणं तिच्याबद्दल आहे, तिचं नाही. इतकंच काय, तिचा स्वतःचा आवाज गळ्यात बांधून अर्सुला आरशासमोर गाते. म्युझिकलमध्ये नायिकेला गप्प ठेवणं ही मोठी जोखीम आहे, आणि ती घेतल्यामुळेच आवाज गमावणं म्हणजे काय हे कळतं. २०२३च्या सिनेमात एरियलला या काळात मनातल्या मनात गायला एक नवं गाणं दिलंय. हॅली बेली ते छान गाते. पण तेवढ्यापुरतं आपण विसरतो की हिला बोलता येत नाही. तोटा दिसायला हवा असेल तर तो सोसूही द्यायला हवा.

इथपर्यंत जुना सिनेमा माझ्यालेखी जिंकलाय. आता शेवट.

लग्नाच्या जहाजावर शिंपला फुटतो. आवाज तरंगत येतो आणि एरियलच्या गळ्यात शिरतो. ती एरिकचं नाव घेते. सूर्य बुडतो, मग वादळ आणि लढाई. एरिक फुटक्या जहाजाचं टोक अर्सुलाच्या पोटात घुसवतो. ट्रायटन विरघळतो, त्रिशूळ पाण्यात बुडवतो आणि मुलीला पाय देतो. लग्न होतं. एरियल बापाला मिठी मारते, एक प्रेमाचं वाक्य बोलते. मग तिच्या गुहेतल्या गाण्याची चाल सुरू होते. आणि ती गातो एक कोरस.

मी तीनदा मागे जाऊन पाहिलं. ज्या आवाजासाठी एवढा सगळा खेळ मांडला, तो परत आल्यावर एरियल एकही गाणं गात नाही. जे गाणं तिनं एकटीनं, अडखळत, स्वतःसाठी रचत गायलं होतं, ते आता गुळगुळीत होऊन गर्दीच्या तोंडी आहे. सुरुवातीला राजाच्या कार्यक्रमातून ती निसटली होती. शेवटी राजाच्या आशीर्वादाखाली तिच्या गाण्याचाच कार्यक्रम झाला आणि ती फक्त हसत हात हलवतेय.

तिला जमिनीवर काय सापडलं? तिथं प्रश्नांना उत्तरं मिळतात का? मुलींना खरंच दटावत नाहीत? तीन दिवस मुकी राहून तिनं जे पाहिलं त्याबद्दल तिला काय म्हणायचंय? सिनेमाला हे विचारावंसं वाटत नाही. आवाज हा त्याच्यासाठी एक ऐवज आहे. हरवला, सापडला, मालकाला परत केला. पण मधल्या काळात माणूस बदललेला असतो, त्याला जुनाच आवाज जसाच्या तसा कसा बसेल? मला माझं ‘मले’ परत हवंसं वाटलं तेव्हा ते आपोआप उडत आलं नाही. पहिल्यांदा तर मीच माझी नक्कल करतेय असं वाटलं.

हे सगळं लिहिताना ॲशमन डोळ्यांसमोरून हलत नाही. सिनेमाचं काम चालू असतानाच, १९८८मध्ये, त्याला एचआयव्हीचं निदान झालं. त्या काळात हे उघड बोलणं म्हणजे काम हातचं जाण्याची भीती. तो गप्प राहिला आणि इतरांसाठी गाणी लिहीत राहिला. १९९०च्या ऑस्करमध्ये सिनेमाला दोन पुरस्कार मिळाले, एक ‘अंडर द सी’ गाण्यासाठी, एक संगीतासाठी. आपल्या आजाराबद्दल त्यानं मेंकनला सांगितलं ते त्यानंतर. १४ मार्च १९९१ला, चाळिसाव्या वर्षी, तो गेला. त्याच वर्षी आलेला ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ त्याला अर्पण केलाय. त्या अर्पणपत्रिकेत त्याच्याबद्दल म्हटलंय की यानं एका जलपरीला तिचा आवाज दिला.

खरंच दिला. गुहेतली ती तीन-साडेतीन मिनिटं आज पस्तीसहून जास्त वर्षांनीही तशीच ताजी आहेत. शेवटी आणखी एक गाणं हवं होतं, एवढंच माझं म्हणणं. नव्या आवाजातलं, जरा खरबरीत, जमिनीवर चालून आलेल्या मुलीचं. तुम्ही सिनेमा पुन्हा पाहाल तेव्हा क्रेडिट्स सुरू झाल्यावर आवाज बंद करून बघा. ती काय गायली असती?

मी मात्र त्या रात्री इअरफोन काढले आणि आईला फोन लावला. साडेअकरा वाजले होते. ती घाबरून म्हणाली, “काय झालं?” म्हटलं, “काई नाई वो आई. मले झोप नोती येत.”